रोलर दगड झालाय? जुनं रबर मऊ करायला बसण्याआधी

दिवाळीनंतर पाऊस पुरता ओसरला की माझ्याकडे टाइपरायटर यायला लागतात. टायपिंगच्या परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, तेव्हा कुडाळ-कणकवलीकडच्या कितीतरी इन्स्टिट्यूटमधली मशिनं भंगारात निघाली. त्यातली काही हौशी पोरांच्या हाती लागली. गोदरेजने १९५५ साली पहिलं भारतीय मशीन काढलं, तेव्हापासूनची पोलादी धुडं ही, सहज मरत नाहीत. रिबन अजून मिळते, गंज उतरवता येतो, अडकलेली कळ सुटते. गाडी अडते ती रोलरवर, म्हणजे कागद ज्याच्याभोवती गुंडाळतो आणि अक्षरं ज्यावर आपटतात त्या रबरी दांड्यावर. काळा, चकचकीत, नखाने दाबला तर नखच दुखतं. टाइप करताना ‘टक’ असा दगडावर आपटल्यासारखा आवाज येतो आणि पूर्णविराम कागदाला भोक पाडून जातो. मग प्रश्न ठरलेला असतो: "काका, ह्याला काय लावलं म्हणजे मऊ होईल?"

लावण्यासारखं आहे, आणि ते कसं लावायचं हे खाली सांगतो. पण आधी फुकटातला उपाय करून बघा. टाइप करायच्या कागदामागे आणखी एक कागद घाला. इन्स्टिट्यूटमधल्या बाई हेच सांगायच्या. निम्म्या लोकांचं काम एवढ्यावर भागतं आणि त्यांना पुढचं काहीच वाचायची गरज राहत नाही.

रबर कडक का होतं

फणस कापायला बसताना आपण हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावतो. चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. रबराचा स्वभावही तोच. दोडामार्गाकडे केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा केल्या आहेत. तिथे झाडाला तिरकी खाच मारून खाली वाटी टांगलेली दिसते. त्या वाटीतल्या पांढऱ्या चिकाची वाळवलेली कच्ची शीट टोल्युइन नावाच्या द्रावकात टाकली तर हळूहळू विरघळते. पंक्चरवाल्याचं सोल्युशन म्हणजे साधारण हेच, द्रावकात विरघळवलेलं कच्चं रबर.

रोलरचं रबर मात्र पक्कं केलेलं असतं. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. १८३९ साली चार्ल्स गुडइअरला गंधक आणि उष्णता या जोडीचा शोध लागला आणि ती कटकट मिटली. त्यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. हे डोळ्यांसमोर आणायचं तर मासेमारीचं जाळं आठवा. कच्चं रबर म्हणजे सुट्या दोऱ्यांचा गुंता, ओढला की दोरे सरकतात. गंधक त्या दोऱ्यांना जागोजाग गाठी मारतो. मऊ रबरात शंभर भागांना साधारण एक ते तीन भाग गंधक असतो. तोच पंचवीस-तीसच्या पुढे गेला की एबोनाइट होतं, जुन्या फाउंटन पेनांचं. ते मऊ करायच्या भानगडीत पडूच नका.

वर्षं जातात तशा जाळ्यात नव्या गाठी पडत राहतात. पत्र्याच्या शेडमधली उष्णता त्याला हातभार लावते. रबर लवचिक राहावं म्हणून कारखान्यात घातलेलं तेल हळूहळू बाहेर पडतं. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर काम करतो. ओझोन तर ताणलेल्या रबराला आडव्या भेगाच पाडतो. कधी उलटही होतं, गाठी पडण्याऐवजी दोरेच तुटतात आणि रबर फणसाच्या चिकासारखं बोटाला चिकटायला लागतं. तसं झालेलं रबर गेलं म्हणून समजा, त्याला काहीही लावू नका.

आता मुद्द्याचं. आपण जे रसायन लावतो ते एकही गाठ सोडवत नाही. ते जाळ्याच्या डोळ्यांत शिरून बसतं आणि जाळं फुगवतं, म्हणून रबर मऊ लागतं. रसायन उडून गेलं की जाळं पुन्हा बसतं. वर, जाताना ते रबरातलं उरलंसुरलं तेलही घेऊन जातं. म्हणून पेट्रोल किंवा थिनरमध्ये बुडवून ‘मऊ केलेला’ रोलर महिनाभरात आधीपेक्षा कडक होतो. हा अनुभव घेतलेले निदान चार जण मला भेटलेत. चौघांनीही दोष थिनरच्या क्वालिटीला दिला.

कशाला हात लावायचा नाही

जो भाग निकामी झाला तर फार तर कागद घसरेल, तेवढ्यावरच प्रयोग करायचे. टाइपरायटरचा रोलर, शिलाई मशिनच्या बॉबिन वाइंडरची रिंग, जुन्या टेपरेकॉर्डरचा पिंच रोलर, रेकॉर्ड प्लेअरचं रबरी चाक. बस.

ब्रेकचे वायसर, ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, टायर, बोटीच्या इंजिनाची माउंटिंग, विजेच्या कामाचे हातमोजे यांना मऊ करायचं नसतं, बदलायचं असतं. खनिज तेलाचा नुसता अंश लागला तरी ब्रेकचं रबर फुगून अडकतं. गॅसच्या नळीवर तर पाच वर्षांची मुदत छापलेली असते. ती कडक वाटली तर नवी आणा. कुकरच्या रिंगचंही तेच. जे रसायन तुम्ही आत मुरवणार ते पुढे आमटीत उतरणार.

हे नैसर्गिक रबरच आहे का

काळं दिसतं ते सगळं एकच रबर नसतं. रोलरच्या टोकाकडून, जिथे कागद लागत नाही तिथून, ब्लेडने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढा. कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखा. मग झाकणाच्या काचेच्या बाटलीत थोडं रॉकेल घालून त्यात रात्रभर ठेवा. सकाळी तुकडा पुन्हा त्याच आखलेल्या कडेवर ठेवून बघा. नैसर्गिक रबर स्पष्ट फुगलेलं दिसतं, कड ओलांडून बाहेर येतं. नायट्राइल हे कृत्रिम रबर जवळपास आहे तसंच राहतं, कारण ते तेलाला टिकावं म्हणूनच बनवलेलं असतं. निओप्रीन हे दुसरं कृत्रिम रबर मध्येच कुठेतरी. जाळून वास घेण्याची पद्धत जुन्या मिस्त्रींकडे असते. ती मी नवशिक्याला सांगत नाही. निओप्रीनच्या धुरात आम्ल असतं आणि घसा दोन दिवस धरतो.

आधी पाणी, मग काचपेपर

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि त्यात फडकं पिळून रोलर पुसा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फडकं काळं-निळं होत राहील, ती पन्नास वर्षांची शाई. अल्कोहोल नैसर्गिक रबराला फारसं फुगवत नाही, म्हणून सफाईला ते बरं.

मग काचपेपर. चकाकणारा थर हा सगळ्यात कडक आणि सगळ्यात मेलेला भाग असतो. त्याच्याखाली पुष्कळदा बऱ्यापैकी जिवंत रबर असतं. रोलर मशिनमधून काढा आणि दोन्ही टोकांना आधार देऊन फिरवता येईल असा ठेवा. २२० नंबरचा पेपर तळहातावर धरून रोलर फिरवत फिरवत घासा. एकाच जागी घासलात तर तिथे खळगा पडतो आणि पुढे आयुष्यभर ती ओळ फिकी उठते. शेवटचा हात ४०० नंबरचा. भुकटी नाकात जाऊ देऊ नका. ह्या कामाला साधा धुळीचा मास्क चालतो.

आता नख दाबून बघा. चकाकी गेली, कागदाची पकड आली, आवाज थोडा बसला? मग इथेच थांबा. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा-सात रोलर ह्याच पायरीवर परत जातात आणि मला त्यातच समाधान वाटतं.

रसायन: गंधपुरा आणि झायलीन

उरलेल्यांसाठी रसायन. सांधे चोळायच्या मलमाचा तो ओळखीचा वास असतो ना, त्याचं नाव मिथाइल सॅलिसिलेट. गंधपुऱ्याच्या तेलात, म्हणजे विंटरग्रीन ऑइलमध्ये, जवळपास सगळं तेच असतं. ते रबरात शिरतं, फुगवतं आणि चटकन उडून जात नाही. म्हणून ते ह्या धंद्यातलं जुनं औषध. ते आत खोल लवकर पोचावं म्हणून त्यात झायलीन हे द्रावक मिसळतात, साधारण एक भाग गंधपुरा आणि तीन भाग झायलीन. बाजारातल्या काही तयार बाटल्यांतही हीच जोडी असते.

नवशिक्याला मी झायलीन देत नाही. त्याऐवजी एक भाग गंधपुरा, तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. परिणाम सावकाश येतो, पण रबरातलं तेल धुऊन निघत नाही आणि डोकंही कमी दुखतं. पेटण्याच्या बाबतीत मात्र हे मिश्रण गरीब समजू नका. अल्कोहोलची वाफ १२ अंशांवरही ठिणगीने पेट घेते. झायलीनचा हाच आकडा २७ अंशांच्या आसपास आहे. थंड प्रदेशातल्या माणसाला हा दिलासा वाटेल. आपल्याकडे मे महिन्यात पडवीतलं तापमानच तेहतीस-चौतीस असतं, म्हणजे बाटलीचं झाकण उघडलं की पेटण्याजोगी वाफ तयारच. टोल्युइन ४ अंशांवर, पेट्रोल तर शून्याच्या कितीतरी खाली. पेट्रोलमध्ये बेंझीनही असतं, आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. ते ह्या कामाला कधीच घेऊ नका.

जागा आणि वेळ

हे काम पावसाळ्यात करायचं नाही. हा नियम मी कशावरून शिकलो ते सांगतो.

श्रावणातली संध्याकाळ होती. झड आत येत होती म्हणून पडवीच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. जमिनीवर स्टीलच्या ताटात झायलीनचं मिश्रण आणि बाजूला चार फीड रोलर, म्हणजे मोठ्या रोलरवर कागद दाबून धरणारे छोटे रोलर. वासाची इतकी सवय झाली होती की आता तो येईनासा झाला होता. तेवढ्यात लाइट गेली. माजघरातून आईचा आवाज आला, "वास कसलो येता रे? आणि मेणबत्ती खंय ठेवलंस?" पाठोपाठ काडेपेटी खुळखुळली. मी जो ओरडलो तो आमच्या आळीत अजून थट्टेचा विषय आहे. ताट उचलून भर पावसात खळ्यात नेऊन ठेवलं. झालं काही नाही. पण माझं डोकं रात्रभर दुखत राहिलं. आणि मी हिशेब करत राहिलो, कारण ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. पडवीतून माजघरात, तिथून चुलीपर्यंत किंवा देवापुढच्या समईपर्यंत, दिसल्याशिवाय.

तेव्हा काम उघड्या खळ्यात, सावलीत, दिवसा. चूल, समई, उदबत्ती, विडी यांपासून लांब. वारा तुमच्या पाठीकडून यायला हवा. घरातला एक्झॉस्ट फॅन वाफ ओढायला लावू नका, त्याच्या मोटारीत ठिणगी पडू शकते. इन्व्हर्टर आणि फ्रिज ह्यांच्याही जवळ नको. शेजारी वाळूची बादली ठेवा. पाणी उपयोगाचं नाही, झायलीन पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

हातमोज्यांबद्दल. दवाखान्यातले पांढरे लॅटेक्सचे मोजे हे स्वतःच नैसर्गिक रबर. जे रसायन रोलरला फुगवतं ते मोज्यालाही फुगवणारच. एकदा बोट बुडवून बघा, मोज्याचं टोक भिजलेल्या वालासारखं होतं. पातळ निळे नायट्राइलचे मोजे झायलीनपुढे काही मिनिटंच टिकतात. जाड नायट्राइलचे घ्या, थेंब उडाला की लगेच बदला, आणि मोज्यांच्या भरवशावर न राहता लांब दांड्याचा ब्रश वापरा. झायलीन त्वचेतलं तेल काढून घेतं, मिथाइल सॅलिसिलेट तर त्वचेतून थेट अंगात जातं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन, चालू असतील त्यांनी आणि गरोदर बाईने ह्या कामापासून दूर राहावं. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. त्याला सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. तो नसेल तर उघड्यावर आणि थोडा वेळच, हाच मार्ग.

लावायचं कसं

रोलर मशिनबाहेर हवा. झायलीन रंग उचलतं, प्लास्टिकच्या कळा खातं, आणि मशिनच्या कपाळावरचं कंपनीचं सोनेरी नाव पुसून टाकतं.

बुडवून ठेवू नका. पुष्कळ जुन्या रोलरच्या गाभ्यात लाकूड असतं आणि रबर त्यावर चिकटवलेलं असतं. बुडवलं की चिकटवण सुटतं, रबराचा पाइप लाकडावर गरगर फिरायला लागतो आणि मग खरंच काही करता येत नाही.

आधी टोकाला दोन बोटं रुंदीचा पट्टा करून बघा. ब्रश मिश्रणात टेकवा, काठाला निपटा, पातळ हात फिरवा. रोलर सावकाश फिरवत राहा, म्हणजे खालच्या बाजूला ओघळ जमत नाही. रबर ते पिऊन टाकतं, पाच-दहा मिनिटांत ओलेपणा जातो. दुसरा हात द्या आणि दिवसभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी पट्टा आणि बाकीचा भाग दोन्ही नखाने दाबून ताडून बघा. फरक कळत असेल आणि पट्टा चिकट झालेला नसेल, तर मग पूर्ण रोलर. दर दिवशी एकच हात, तीन-चार दिवस. घाई करून एका बैठकीत सहा हात दिले की वरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो.

तापवायचं अजिबात नाही. गंधपुरा पाण्यात घालून रबर उकळायची एक पद्धत लोक सांगतात. बंद स्वयंपाकघरात ती वाफ श्वासात घेण्यापेक्षा रोलर कडक राहिलेला बरा.

मग आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे, रोलर हवेशीर जागी टांगून ठेवा. फुगलेला रोलर लगेच बसवला तर तो खालच्या पत्र्याला घासतो. सुरुवातीला जेवढा मऊ लागला होता त्यातलं थोडं ह्या काळात जाईल. उरेल तेवढीच तुमची कमाई. माझा अंदाज, ती वर्ष-दीड वर्ष पुरते. शेवटी शंखजिऱ्याची पूड किंवा साधी टाल्कम पावडर लावून पुसून घ्या.

ज्याला आकड्यात बघायचं असेल त्याने शोअर-ए स्केलचा हार्डनेस मीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, घ्यावा. आकडा जास्त तेवढं रबर कडक. खोडरबर चाळीसच्या आसपास, गाडीच्या टायरची वरची बाजू साठ-सत्तर. मेलेला रोलर पंच्याण्णवच्या वर दाखवतो. पाच-सात अंक खाली आला तर पुष्कळ झालं. पंच्याण्णवचा साठ कोणी करून देतो म्हणाला तर त्याला आपला रोलर देऊ नका.

बाटली आणि उरलेलं

सुरुवातीच्या वर्षी मी गंधपुरा कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून फडताळात ठेवला होता. बहिणीने बघितलं आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिचं बरोबर होतं. ह्या तेलाला गोडसर, च्युइंगमसारखा वास असतो. पोराला ते खाऊ वाटतं. शुद्ध तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीमध्ये, अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक गोळ्यांइतका माल असतो. लहान मुलाचा जीव जायला तेवढं पुरतं. मूळ बाटलीतच ठेवा, वर ठळक मराठीत ‘विष’ लिहा आणि कुलपात ठेवा. ड्रॉपर त्यात बुडवून ठेवू नका, त्याचा रबरी फुगाही हेच रबर असू शकतो.

कोणी प्यायलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. उलटी होताना झायलीन फुप्फुसात गेलं तर ते पोटातल्यापेक्षा वाईट. १०८ला फोन, आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना. गंधपुरा पोटात गेल्यावर कानात आवाज, उलट्या, जोरजोरात श्वास ही लक्षणं दिसतात, पण ती दिसायची वाट बघू नका. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहतं पाणी आणि मग डॉक्टर. काम करताना गरगरलं तर उठून बाहेर, बाटलीचं झाकण नंतर लावता येईल.

उरलेलं मिश्रण मोरीत, परड्यात किंवा ओहोळात ओतायचं नाही. आपला जांभा चाळणीसारखा आहे, परड्यात ओतलेलं विहिरीत यायला वेळ लागत नाही. म्हणून मिश्रण करतानाच दोन-तीन चमचे करा, संपेल एवढंच. फडकी आणि ब्रश उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच कचऱ्यात टाका. ओली फडकी पिशवीत कोंबून चुलीशेजारी ठेवलेली मी पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

नाहीच जमलं तर

भेगा पडलेल्या रोलरला रसायन लावलं तर भेगा रुंदावतात. तिथे नवं रबर चढवणं हाच इलाज. छापखान्याचे रोलर रबर चढवून देणारे लोक मोठ्या शहरांत असतात. जुना रोलर गाभ्यासकट पाठवायचा, व्यास मिलिमीटरमध्ये लिहून द्यायचा आणि मऊपणा किती हवा तेही सांगायचं. फीड रोलरसाठी योग्य मापाची रबरी नळी कापून चढवली तरी चालतं. बॉबिन वाइंडरच्या रिंगला तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक काप पुरतो.

आणि मशीन झाकून ठेवताना कागद मोकळा करायचा खटका पुढे ओढून ठेवा. नाहीतर फीड रोलर महिनोन्‌महिने रोलरवर दाबून राहतात, दोघांनाही सपाट चट्टे पडतात, आणि पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही परत माझ्या दारात.